पाच पावल्यांचा संप: दुआर्नने नावाच्या मासळीच्या गावाचं एक प्रकरण

फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या ब्रेतोन भाषेत 25 सांतिमला रेआल म्हणायचे, शंभर सांतिम म्हणजे एक फ्रँक. आपल्याकडे चार आण्यांना पावली म्हणायचे तसंच, सरकारी हिशोब फ्रँकमध्ये असला तरी बायकांच्या तोंडी रेआलच. तर 1924 च्या हिवाळ्यात फ्रान्सच्या पार पश्चिम टोकाला, दुआर्नने नावाच्या बंदराच्या गावात, मासळीच्या कारखान्यातल्या बायका लाकडी बूट वाजवत रोज रस्त्यावर यायच्या आणि एकच घोषणा द्यायच्या, "पेम्प रेआल आ वो". पाच रेआल होणारच. म्हणजे तासाला पाच पावल्या, सव्वा फ्रँक.

मिळत होते 80 सांतिम. तीन पावल्या आणि वर पाच सांतिम. 46 दिवस संप चालला, नगराध्यक्षावर गोळी झाडली गेली, पॅरिसमध्ये मंत्र्याच्या टेबलापर्यंत प्रकरण गेलं, आणि शेवटी हातात पडला तासाला एक फ्रँक. चार पावल्या. तरी त्या गावात आजही हा संप जिंकला असंच सांगतात आणि मलाही ते पटतं, पण पाच मागून चारवर मिटलेल्या संपाला जिंकलेला का म्हणायचं हे कळायला आधी ते गाव कळायला लागतं, ती मासळी कळायला लागते, आणि मुख्य म्हणजे त्या बायकांचे तास कसे मोजले जायचे ते कळायला लागतं. म्हणून जरा ऐसपैस लिहितोय.

गाव ब्रिटनीत आहे, फिनिस्तेर जिल्ह्यात. फिनिस्तेरचा अर्थच जमिनीचा शेवट, त्याच्या पुढे अटलांटिक. दुआर्ननेला मोठा अर्धगोल उपसागर मिळालाय आणि या उपसागरात सार्डिन यायची, आपल्या तारलीच्या गोतातलीच, चमचमती चांदीसारखी छोटी मासळी. किती पूर्वीपासून हे चालू आहे तर गावाशेजारी प्लोमार्कला उतारावर रोमन काळातल्या दगडी टाक्या सापडल्यात, तिथे मासळी मिठात मुरवून गारम नावाचा रस्सा बनवायचे, रोमन लोक तो सगळ्या जेवणात घालायचे. मग मधली कित्येक शतकं सार्डिन पिंपात दाबून, तेल काढून, खारवून विकली जायची. आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आले डबे. तळलेली सार्डिन तेलात बुडवून पत्र्याच्या डब्यात बंद करायची, डबा उकळायचा, मग ती वर्षानुवर्षं टिकते. 1853 साली तिथे सुरू झालेली शांसरेल ही कंपनी आजही चालू आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गावात वीसेक कारखाने होते, तेही गावाबाहेर कुठे एमआयडीसीत असावेत तसे नाही, भर वस्तीत, घरांना लागून, रोस्मर बंदरावरून वर चढणाऱ्या गल्ल्यांमध्ये. तळणीचा वास कपड्यांत, गाद्यांत, केसांत. कारखान्याला तिथे म्हणायचेच फ्रितूर, म्हणजे तळणघर.

पुरुष दर्यावर, बायका तळणघरात. अख्ख्या गावाची अशी सरळ वाटणी. नवरा, बाप, भाऊ शलूप घेऊन उपसागरात जाणार, शलूप म्हणजे त्यांची शिडाची मोठी होडी, आणि आमिष म्हणून पाण्यात टाकायला कॉड माशाची खारवलेली गाभोळी लागायची, ती नॉर्वेहून यायची आणि महाग असायची. मासळी किनाऱ्याला लागली की बायको, मुलगी, बहीण, सासू तिला हात लावणार. त्यामुळे मालकाने मासळीचा भाव पाडला तरी त्याच घराला फटका आणि तासाचा दर दाबला तरी त्याच घराला. हे लक्षात ठेवा, पुढे संपात याचा फार उपयोग झाला.

बायका डोक्याला घट्ट बसणारी छोटी पांढरी टोपी घालायच्या, केस तेलात-मासळीत पडू नयेत म्हणून. ब्रिटनीत गावागणिक बायकांच्या टोप्या वेगळ्या, काही ठिकाणी हातभर उंच लेसच्या, पण दुआर्ननेची ही कामाची टोपी. त्यांना म्हणायचे पेन सार्दिन, सार्डिनचं मुंडकं. मुंडकी उडवणं हे त्यांचं काम म्हणून तसं नाव पडलं म्हणतात. आज गावातली माणसं स्वतःला अभिमानाने पेन सार्दिन म्हणवून घेतात.

आता काम. मासळी आली की टेबलावर ओतून मीठ मारायचं, एका झटक्यात मुंडकं आणि आतडं काढायचं, मग खाऱ्या पाण्यात, मग धुवून जाळीच्या तव्यांवर एकेक मांडून वाळवायची, मग तेलात तळायची, निथळवायची, डब्यात शेपटी-डोकं शेपटी-डोकं अशी बसवायची, वर तेल. झाकण डागायचं काम पुरुषांचं, ते स्वतःला कारागीर समजायचे आणि पगारही बायकांपेक्षा जास्त, पुढे झाकण दाबणारी यंत्रं आली आणि त्यांचा रुबाब गेला. बायकांच्या कामाला यंत्र आलं नाही. मऊ मासळी, कातडं फाटलं की माल वाया, बोटंच लागतात.

आणि सार्डिन ही काही सांगून येणारी मासळी नाही. उन्हाळ्यात काही तास बाहेर राहिली की गेली. म्हणून होड्या कधी लागतील तेव्हा काम सुरू, दुपारी लागोत नाहीतर रात्री दोनला. गिरणगावात भोंगा व्हायचा, निदान वेळ ठरलेली असायची, इथे पोरं गल्लीगल्लीतून पळत हाका मारत जायची, चला कारखान्यावर, चला, आणि बायका टोपी चढवून अंधारात उतार उतरायच्या. मासळी संपेपर्यंत घरी जायचं नाही. दहा तास, चौदा तास, अठरा तास. जाळ्यात भरपूर मासळी आली की सलग दोन-तीन दिवस जवळजवळ न झोपता काम झाल्याच्या नोंदी आहेत. झोप येऊ नये म्हणून गायच्या, आधी चर्चमधली भजनं, नंतरच्या काळात कामगारांची गाणी, आणि काही गाण्यांना कारखान्यात बंदी होती. बारा वर्षांच्या पोरी कामावर असायच्या, त्याहून लहानही, आणि सत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्याही त्याच टेबलाला.

फ्रान्समध्ये एप्रिल 1919 ला आठ तासांचा कायदा झाला होता. पण मासळी नासते ना, मग या धंद्याला सवलती, आणि कायदा दुआर्ननेच्या फाटकाबाहेरच राहिला. दिवस असो रात्र असो, पहिला तास असो नाहीतर सतरावा, दर तोच, 80 सांतिम. रात्रीचे जादा पैसे नाहीत. कारखान्यात बोलावून घेतलं आणि मासळीच यायला उशीर झाला तर बसून राहिलेल्या वेळेचे पैसे नाहीत. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त टोचतं ते हे. दर कमी होता हे खरंच, पण त्याहून वाईट म्हणजे त्या बाईचा वेळ तिचा नव्हताच, तो होडीचा होता, मासळीचा होता, मालकाचा होता, आणि जो वेळ मालकाला नको तो फुकट. घरी तान्हं मूल असलेल्या बाईने रात्री दोनला बोलावणं आलं तर काय करायचं, हा प्रश्न कुणाच्या हिशोबातच नव्हता.

याआधी 1905 मध्येही बायकांनी संप केला होता आणि तो जिंकला होता, तो तर मला कधीकधी 1924 पेक्षा मोठा वाटतो. तोवर मजुरी नगावर मिळायची, हजार सार्डिनमागे इतके. मोजणी मालकाच्या माणसाची. बायकांचं म्हणणं होतं की मोजताना फसवतात, आम्हाला तासावर द्या. म्हणजे नगाची मजुरी सोडून तासाची मजुरी ही त्यांनी स्वतः लढून मिळवलेली गोष्ट. आणि तो काळ कसला होता तर 1902 पासून सार्डिन किनाऱ्यावरून जवळजवळ गायबच झालेली, काही वर्षं गावं उपाशी, फ्रान्सभरातून मदत गोळा व्हायची. त्या टंचाईतून आलेल्या बायकांनी मोजणीचा मुद्दा धरला. एकदा तास मोजायला लागल्यावर पुढचा प्रश्न येणारच, कुठला तास, रात्रीचा का दिवसाचा, वाट बघण्याचा तास धरायचा का नाही. 1924 चा संप म्हणजे त्या पुढच्या प्रश्नाचा संप आहे, असं माझं मत आहे.

राजकारण थोडक्यात सांगतो. 1920 च्या डिसेंबरात फ्रेंच कम्युनिस्ट पक्ष जन्मला आणि लगेच 1921 मध्ये दुआर्ननेने सेबास्तियां वेली याला निवडून दिलं, फ्रान्समधला पहिला कम्युनिस्ट नगराध्यक्ष. तो 1924 मध्ये वारला आणि त्याच्या जागी आला दानिएल ल फ्लांशेक. एक डोळा नसलेला, अंगावर गोंदण, पूर्वीचा अराजकवादी, आणि ब्रेतोन भाषेत बोलायला उभा राहिला की चौक हलवणारा. ही भाषेची बाब बारीक वाटेल पण नाही. ब्रेतोन ही केल्टिक भाषा, फ्रेंचपेक्षा अगदी वेगळी, आणि कारखान्यातल्या बायका आपसात ब्रेतोनच बोलायच्या, शाळेत मात्र ब्रेतोन बोललं की पोरांना शिक्षा व्हायची. मालक, प्रीफेक्ट (सरकारने नेमलेला जिल्ह्याचा मुख्य अधिकारी), कायदा, करार सगळं फ्रेंचमध्ये. अशा ठिकाणी नगरपालिकेच्या पायरीवर उभा राहून नगराध्यक्ष तुमच्या भाषेत बोलतो, याचं वजन आपल्या लोकांना वेगळं समजावून सांगायला नको.

संप सुरू झाला तो मासळीच्या कारखान्यात नाही, डब्यांच्या. 21 नोव्हेंबर 1924 ला कार्नो नावाच्या पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात बायकांनी पगारवाढ मागितली, वरच्यांनी भेटायलाही नकार दिला, बायका बाहेर पडल्या. मग एका कारखान्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या, आणि 25 तारखेपर्यंत गावातले सगळे कारखाने बंद. सुमारे दोन हजार संपकरी, त्यातल्या बहुतेक बायका. गावची वस्ती तेव्हा बारा हजारांच्या आसपास, म्हणजे संपात नाही असं घर शोधावंच लागलं असतं. कोळी लोकही बायकांच्या बाजूने उतरले.

बाहेरून माणसं आली. सीजीटीयू या कामगार संघटनेकडून शार्ल तियों आला, 1919 च्या नौदलातल्या बंडात सामील झालेला तरुण, पुढे जर्मनांविरुद्धच्या प्रतिकारात नाव काढलेला आणि युद्धानंतर मंत्री झालेला. आणि ल्युसी कोलियार आली, मूळची शाळेतली बाई. तिने काय केलं तर आधी बसून बायकांचं ऐकलं. किती वाजता बोलावतात, किती वाजता सोडतात, मुलं कोण बघतं, हातावर किती टेकवतात, सगळं. त्यावर तिने नंतर छोटी पुस्तिका लिहिली आणि आज आपल्याला तासांबद्दल जे कळतं त्यातलं बरंचसं तिच्यामुळे कळतं. चळवळीत भाषणं करणाऱ्यांची नावं राहतात, असं ऐकून लिहून ठेवणाऱ्यांची क्वचित, म्हणून मुद्दाम सांगितलं.

रोजचा दिवस कसा असायचा, तर सभा, मग मोर्चा, सगळ्या गल्ल्यांतून, गाणी म्हणत, दगडी फरशीवर शेकडो लाकडी बूट वाजत. संपाला पैसे फ्रान्सभरातून यायचे आणि त्यातून सामुदायिक स्वयंपाक चालायचा. नगरपालिका उघड संपाच्या बाजूने. डिसेंबरच्या सुरुवातीला संपकऱ्यांनी मालाच्या गाड्या अडवल्या, पोलिसांशी झटापट झाली आणि प्रीफेक्टने ल फ्लांशेकला निलंबित केलं. त्याने बायका आणखी चवताळल्या, दुसरं काय होणार.

मालक मात्र एकी करून बसले होते. त्यांच्या संघटनेचं म्हणणं, बोलणी नाहीत. डिसेंबरच्या मध्यात मजूरमंत्री जुस्तँ गोदार याने दोन्ही बाजूंना पॅरिसला बोलावलं, सरकार तेव्हा डाव्या आघाडीचं होतं, त्यामुळे बायकांना आशा होती. मालकांनी लवाद मान्यच केला नाही. इथे मला वाटतं त्यांनी सगळ्यात मोठी चूक केली. तोवर हे एका कोपऱ्यातल्या गावाचं भांडण होतं, मंत्र्याला नाही म्हटल्यावर अख्ख्या देशाला दिसलं की अडून कोण बसलंय. आणि गंमत म्हणजे त्यांची एकी पहिल्यांदा मोडली ती एका बाईने. मादाम केरो नावाची एक कारखानदारीण होती, तिने 23 डिसेंबरला बाकीच्यांना न विचारता संपकऱ्यांशी करार करून टाकला. तिचा कारखाना सुरू झाला. म्हणजे ज्या दराने धंदा बुडेल असं बाकीचे सांगत होते त्या दराने एक धंदा चालू झालेला गावाला डोळ्यांनी दिसायला लागला.

बाकीच्यांपैकी काहींनी वेगळा रस्ता धरला. पॅरिसहून संपफोडे आणले. स्वतःला युनियनवाले म्हणवणारी, पण धंदाच संप मोडायचा अशी टोळी. 1 जानेवारी 1925, नवीन वर्षाचा दिवस, संध्याकाळ, दारूच्या गुत्त्यात ल फ्लांशेक लोकांबरोबर बसलेला, तिथे या लोकांशी वाद झाला आणि त्यांनी गोळ्या झाडल्या. ल फ्लांशेकच्या गळ्याला गोळी लागली. त्याचा पुतण्या आणि आणखी काही जण जखमी. नगराध्यक्षाला मारलं म्हणून गाव रस्त्यावर आलं आणि संपफोडे ज्या हॉटेलात उतरले होते त्या हॉटेलाची लोकांनी नासधूस केली. ल फ्लांशेक वाचला. तपासात निघालं की या टोळीला मालकांपैकी दोघांनी पैसे पुरवले होते, आणि मग सरकारलाही तिकडे डोळेझाक करता येईना. मालकांवर खटल्याची तलवार लटकली, त्यांच्यातले मवाळ पुढे आले, आणि 6 जानेवारीला समझोता झाला.

समझोत्यात काय होतं बघा. बायकांना तासाला एक फ्रँक, पुरुषांना दीड. रात्री उशिराच्या आणि जादा तासांना वाढीव दर, दीडपट. युनियन करायचा हक्क मान्य. संपात होता म्हणून कुणाला काढायचं नाही.

पाचवी पावली मिळाली नाही, पुरुष-बाईचा फरक तसाच राहिला, म्हणून कुणी म्हणेल की तडजोड झाली. झालीच. पण मघाशी म्हटलं तसं रात्रीचा तास आणि दिवसाचा तास यांची किंमत पहिल्यांदा वेगळी झाली. रात्री बायकांना उठवून आणलं तर आता मालकाला ते महाग पडणार होतं. म्हणजे मासळी आली की आपोआप त्या बाईचा वेळ मालकाचा, हे जे गृहीत धरलेलं होतं, ते त्या कागदाने मोडलं. माझ्या लेखी पाचव्या पावलीपेक्षा हे जास्त आहे, आणि 80 वरून 100 सांतिम म्हणजे चौथा हिस्सा वाढ, तीही काही थोडी नाही.

हे जमलं कशाने हा प्रश्न अशा प्रकरणात विचारावाच लागतो. बरेच जण नगराध्यक्षाला श्रेय देतात, पक्षाला देतात, गोळीबारामुळे मालकांची नाचक्की झाली म्हणून जमलं असंही म्हणतात. तिन्हींत तथ्य आहे. पण गोळीबार झाला तेव्हा संपाला चाळीस दिवस होऊन गेले होते, आणि चाळीस दिवस ऐन हिवाळ्यात ज्या घरात दोन्ही कमाया बंद आहेत तिथे चूल कशी चालली हे आधी बघायला हवं. मला वाटतं ते गावाच्या ठेवणीत होतं. त्या बायका एका टेबलावर काम करायच्या, एका गल्लीत राहायच्या, एका विहिरीवर-बाजारात भेटायच्या, रात्री गायच्या तर एकत्र गायच्या. मोर्च्याला बोलवायला पत्रकं लागत नव्हती, जी पोरं कारखान्यावर बोलवायला पळायची तीच आता सभेला बोलवायला पळणार. मालकाने एका गल्लीतल्या चार जणींना फोडायचं म्हटलं असतं तर त्या चौघींना त्याच गल्लीतून रोज जावं लागलं असतं. आणि नवरा दर्यावरचा, त्यालाही त्याच मालकाने भाव पाडून दुखावलेलं, त्यामुळे घरात "तू जा कामावर, पैसे नाहीत" असं म्हणणारा आवाज कमी होता. हे सगळं असल्यावर बाहेरून आलेल्या संघटनेला काही धरायला मिळतं. नुसत्या भाषणावर 46 दिवस कोणी उपाशी राहत नाही.

पुढे गावाचं काय झालं ते पटकन सांगतो. ल फ्लांशेक 1940 पर्यंत नगराध्यक्ष होता, जर्मनांनी त्याला पकडून नेलं आणि 1944 मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीत तो वारला. 1945 मध्ये दुआर्नने, त्रेबुल, प्लोआरे आणि पुल्दाविद ही चार गावं मिळून एक नगरपालिका झाली, वस्ती वीस हजारांच्या घरात होती, आज चौदा हजारांच्या आसपास उरलीय. कारखाने एकेक करत मिटले, सध्या तीन आहेत, आणि सार्डिन डब्यात बसवायचं काम अजूनही बायकांच्या बोटांनीच होतं. बंदरात जुन्या होड्यांचं म्युझियम आहे. 1978 पासून दर उन्हाळ्यात सिनेमाचा महोत्सव भरतो, तो जगभरातल्या अल्पसंख्य लोकांचा, दाबल्या गेलेल्या भाषांचा, आणि तो नेमका याच गावात सुरू व्हावा यात मला काही नवल वाटत नाही. उपासाच्या महिन्याआधी ग्रा नावाचा कार्निव्हल होतो, त्यात देन पाओलिग नावाचा पुतळा करून शेवटी जाळतात. कुइन्-अमान नावाचा लोणी-साखरेचा थर थर केक इथलाच, 1860 च्या सुमारास गावातल्या एका बेकरने केला असं सांगतात, तो आता जगभर मिळतो. आणि डॉक्टर वाचकांसाठी, स्टेथोस्कोप शोधणारा लाएनेक शेवटी इथेच, प्लोआरेला, 1826 मध्ये वारला, थडगं तिथेच आहे. समुद्र दिसणारी घरं आता बाहेरचे लोक सुट्टीपुरती घेतात, वर्षातले दहा महिने खिडक्या बंद, आणि कारखान्यात काम करणाऱ्यांना गावात भाड्याने जागा मिळणं अवघड होत चाललंय, त्यावर गावात बरीच बोलाचाली आहे.

पण मला हे प्रकरण संपवायचंय ते झोझेफिन पाँकालेपाशी. 1886 चा जन्म, कोळ्याच्या घरातली, भरपूर भावंडं, लग्न होऊन पॅरिसजवळ राहायला गेली, नवरा गेला, दोन मुलं घेऊन गावाला परत आली आणि तळणघरात लागली. संपात होती. संप मिटून चार महिने झाले आणि मे 1925 मध्ये नगरपालिकेच्या निवडणुका आल्या. फ्रान्समध्ये बायकांना मत नव्हतं, निवडणूक लढवायचाही हक्क नव्हता, पण कम्युनिस्ट पक्षाने ठरवून काही ठिकाणी यादीत बायकांची नावं घातली, बघू कोण काय करतं म्हणून. दुआर्ननेच्या यादीत झोझेफिनचं नाव होतं. मत देणारे सगळे पुरुष, म्हणजे तेच, संपकरी बायकांचे नवरे, बाप, भाऊ, आणि त्यांनी तिला निवडून दिलं. 3 मे 1925. देशात निवडून आलेल्या पहिल्या काही बायकांपैकी ती एक.

ती सभांना गेली, बसली, काम केलं. सरकारी यंत्रणेने निवड रद्द केली, तिने दाद मागितली, आणि नोव्हेंबर 1925 मध्ये कोंसेई देता या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तिची निवड रद्दच ठरवली. कारण एकच, बाई आहे. पक्षाने त्यानंतर तिच्यासाठी फार काही केल्याचं दिसत नाही. ल फ्लांशेकवर लेख लिहिले गेले, त्याची भाषणं, त्याचा एक डोळा, त्याच्या गळ्यातली गोळी, आणि ती मात्र पुन्हा तळणघरात मासळी डब्यात भरत राहिली. कित्येक दशकं संपाच्या गोष्टीत बायका म्हणजे टोप्यांची गर्दी आणि नावं पुरुषांची, असंच चाललं होतं, आता कुठे गेल्या काही वर्षांत तिचं नाव घ्यायला लागलेत, 2024 मध्ये संपाला शंभर वर्षं झाली तेव्हा तर बरंच घेतलं गेलं.

फ्रान्समध्ये बायकांना मताचा हक्क 1944 मध्ये मिळाला आणि 1945 मध्ये त्यांनी पहिल्यांदा मत दिलं. झोझेफिन तेव्हा साठीला आली होती. ती 1972 पर्यंत जगली, मधल्या सत्तावीस वर्षांत कितीतरी निवडणुका झाल्या, आणि तिच्याबद्दल सांगतात ते असं की ती एकदाही मत द्यायला गेली नाही.